रात्री दोनला ‘सर्वर डाऊन’, सकाळी जाऊन पाहावं तर सगळं चालू

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात जिनिंग, पतसंस्था, शाळा, दूध संकलन केंद्र अशा ठिकाणची कॉम्प्युटरची कामं मी करतो. बहुतेकांकडे सर्वर एकच, तोही कपाटाशेजारी स्टुलावर. त्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी पिंग मॉनिटरिंग लावून दिलेलं असतं. दर मिनिटाला सर्वरला हाक मारायची आणि त्यानं ओ दिली नाही तर मोबाइलवर अलर्ट पाठवायचा. लावून देणारा निघून जातो आणि दोन महिन्यांनी फोन मला येतो. हा बिघाड इतक्यांदा काढलाय की तपासायचा क्रम पाठ झालाय. आधी बिनखर्चाचं, मग अवघड.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी तुमच्याकडे होत असेल तर पुढे वाचा.

- रात्रीतून दहा-बारा वेळा ‘डाऊन’, ‘अप’, ‘डाऊन’, ‘अप’. सकाळी सर्वर तासन्‌तास न थांबता चालल्याचं दिसतं.
- सर्वर खरंच बंद पडतो तेव्हा अलर्ट येतच नाही. काउंटरवर रांग लागते आणि कारकुनाच्या फोनवरून कळतं.
- एकाच मिनिटात सर्वर, प्रिंटर, चार कॅमेरे, हजेरीचं मशीन, सगळ्यांचे अलर्ट एकदम.
- अलर्टमधली वेळ साडेपाच तास मागे, नाहीतर थेट कालची.
- अलर्ट येतो, पण ज्याच्या फोनवर येतो त्याला काय करायचं ते कळत नाही.

शेवटचं लक्षण कुणी बिघाड म्हणून सांगत नाही, पण माझ्या मते खरा बिघाड तोच. एका पतसंस्थेत रोखपालाच्या फोनवर इंग्रजीत यायचं, ‘होस्ट १९२.१६८.१.१० इज डाऊन’. तो मला म्हणाला, “दादा, हा होस्ट म्हनजे कोन हाय? मी फोन लावू कोनाले?” महिनाभरानं त्यानं तो ग्रुप म्यूट केला. मी त्याच्या जागी असतो तर मीही केला असता.

१. लाईन आहे का?

पहिला फोन चौकीदाराला. “काका, लाईन हाय का?” एवढंच विचारायचं.

असेल तर दुसरा प्रश्न: राउटर कोणत्या सॉकेटवर आहे? आपल्याकडे सर्वर इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर. लाईन गेली की सर्वर मजेत चालू राहतो, पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता बंद होतो. हाक पोचत नाही, ओ येत नाही, आणि मॉनिटर (म्हणजे लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, स्क्रीन नव्हे) म्हणतो सर्वर मेला. राउटर, स्विच आणि फायबरचा डबा हे तिन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतले की रात्रीचे निम्मे अलर्ट तिथेच थांबतात. खर्च शून्य, फार तर एक एक्स्टेन्शन बोर्ड.

इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. साध्या मोडमध्ये लाईन जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो झटका बसतो त्यात सर्वर नाहीतर राउटर रीस्टार्ट होतो. आणि मे महिन्यात कूलरची पिन कुठे घातली आहे ते बघा. कूलरसाठी राउटरची पिन काढलेली मी निदान पाच ठिकाणी पाहिली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ती ‘कोणीच’ काढलेली नव्हती.

२. अलर्ट निघाला तरी का?

सर्वरला हात लावायच्या आधी मॉनिटरमधून टेस्ट मेसेज पाठवा. अपटाइम कुमासारख्या लक्ष ठेवण्याच्या साधनात नोटिफिकेशनच्या खिडकीतच टेस्टचं बटण असतं. हे एवढ्यासाठी की ‘अलर्ट आला नाही’ याचे दोन अर्थ होतात: मॉनिटरला बिघाड दिसला नाही, किंवा दिसला पण निरोप वाटेत पडला. दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी आहे.

टेलिग्रामवर निरोप वाटेत पडण्याचं नेहमीचं कारण ग्रुपचा आयडी. साध्या ग्रुपचं सुपरग्रुपमध्ये रूपांतर झालं की त्याचा आयडी बदलतो, नवा आयडी वजा १०० ने सुरू होतो. नव्या सभासदांना जुने मेसेज दिसावेत म्हणून कुणी सेटिंग बदललं तरी हे रूपांतर होतं. ग्रुप दिसायला तोच, नाव तेच, फोटो तोच. मॉनिटर मात्र जुन्या आयडीवर निरोप पाठवत बसतो. बॉटला, म्हणजे निरोप टाकणाऱ्या खात्याला, कुणी ग्रुपमधून काढलं असेल तरी परिणाम तोच.

एसएमएसचं गाऱ्हाणं वेगळं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर संस्थेच्या नावानं जाणाऱ्या एसएमएसचं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवावा लागतो. तुम्ही हौसेनं मजकूर बदलला आणि तो साच्याशी जुळला नाही, तर मोबाइल कंपनी तो पुढे सोडत नाही. बदलणाऱ्या गोष्टींसाठी साच्यात रिकाम्या जागा ठेवून तोच नोंदवून घ्या.

टेस्ट मेसेज आला पण रात्री वाजला नाही? फोनचं डू नॉट डिस्टर्ब आणि त्या अ‍ॅपसाठीची बॅटरी बचत बघा. पुढे जा.

३. हातानं हाक मारा

पिंगचं काम मुळात साधं आहे. १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरनं ते लिहिलं, आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. एक छोटं पाकीट जातं, समोरचं यंत्र ते परत पाठवतं, जाण्यायेण्याला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं.

ज्या यंत्रावर मॉनिटर आहे त्याच यंत्रावरून पिंग करायचं, आपल्या लॅपटॉपवरून नाही, कारण रस्ता तोच हवा. क्रम असा: आधी राउटर, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग सर्वरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता. मग बाहेरचं, गूगलचं ८.८.८.८. शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव. जिथे पहिल्यांदा ओ येणं थांबतं तिथे बिघाड. राउटरच ओ देत नसेल तर सर्वरकडे बघण्यात अर्थ नाही, केबल बघा. ८.८.८.८ ओ देतो पण नाव चालत नाही, तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. तेव्हा मॉनिटरमध्ये नावाऐवजी आयपी घातला की भागतं.

उत्तरातले शब्दही वाचा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे हाक गेली, ओ आली नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ म्हणजे त्या पत्त्यावर जाताच आलं नाही. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही.

इथे विंडोजचा एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. एका जिनिंगमध्ये, ऐन कापसाच्या हंगामात, काट्याच्या कॉम्प्युटरवर मी बॅच फाइल लिहून लावली होती. पिंग यशस्वी झालं तर ‘ठीक’, नाहीतर अलर्ट. सर्वर दीड दिवस बंद होता आणि लॉगमध्ये ओळीनं ‘ठीक, ठीक, ठीक’. झालं असं की एकाच नेटवर्कमधलं यंत्र बंद असलं की विंडोज स्वतःच्याच आयपीवरून ‘रिप्लाय फ्रॉम… डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं छापतो, आणि तो रिप्लाय आला असंच मोजतो. खाली हिशोबात पाठवले चार, मिळाले चार, गहाळ शून्य. शेजाऱ्यानं “ते घरी नाहीत” म्हणून ओ दिली आणि आपण ती त्यांचीच समजलो. तेव्हापासून विंडोजवर मी यशस्वी-अयशस्वीचा कोड बघत नाही. उत्तरात ‘टीटीएल’ हा शब्द आहे का ते शोधतो. खऱ्या उत्तरात तो असतो, या फसव्या उत्तरात नसतो. लिनक्सवर गोष्ट सरळ आहे: ओ आली तर कोड ०, नाही आली तर १, आणि नाव न सापडणं वगैरे दुसरी अडचण असेल तर २. एक आणि दोनला वेगवेगळे निरोप द्या, अर्धं निदान तिथेच होतं.

४. सर्वर जागेवर आहे, पत्ता बदलला

लाईन जाऊन आल्यावर राउटरनं सर्वरला नवा आयपी दिला असेल तर मॉनिटर जुन्या दारावर टकटक करत राहतो. सर्वरच्या स्क्रीनवर आयपी बघा. बदलला असेल तर राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधून टाका. पाच मिनिटांचं काम.

५. सर्वर ऐकतो, पण ओ देत नाही

विंडोजचं फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, बाहेरून आलेल्या पिंगला गप्प बसवू शकतं. ‘काल चालू होतं, आज बंद’ असं असेल तर विचारा, राउटर बदलला का? नवा राउटर लागला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतो आणि बहुधा ‘पब्लिक’ ठरवतो. त्या प्रोफाइलमध्ये पिंगला परवानगी नसते. आपलंच ऑफिस असेल तर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि इनबाउंड नियमांत ‘एको रिक्वेस्ट’चा (म्हणजे पिंगचा) आयसीएमपीव्ही४ वाला नियम चालू करा. फायरवॉल आख्खं बंद करू नका. कितीतरी ठिकाणी मला ते कुणीतरी ‘तात्पुरतं’ बंद करून ठेवलेलं सापडलंय. सर्वर क्लाउडवर असेल तर तिथेही पिंग बहुधा मुद्दाम उघडावं लागतं.

याच्या उलटही होतं. पिंगला ओ येते म्हणजे माणूस घरात आहे एवढंच कळतं, कामावर आहे की खाटेवर पडलाय ते नाही. डिस्क भरून डेटाबेस बंद पडला तरी पिंग हिरवं राहतं. म्हणून पिंगच्या जोडीला ज्या पोर्टवर, म्हणजे सर्वरच्या ज्या दारावर, खरं काम चालतं तो पोर्टही तपासायला लावा. एसक्यूएल सर्वर हा डेटाबेस असेल तर बहुधा १४३३, वेबचं काम असेल तर ४४३. पिंग बंद आणि पोर्टही बंद, तर यंत्र किंवा रस्ता. पिंग चालू आणि पोर्ट बंद, तर सॉफ्टवेअर. या फरकाचा उपयोग पुढे मजकुरात होणार आहे.

६. मॉनिटरला थोडा धीर शिकवा

एक पाकीट हरवणं ही बातमी नाही. आपल्याकडच्या लाइनवर तर नाहीच. एका हाकेवर अलर्ट ठेवला असेल तर रात्रभर फोन वाजणार.

मी असं ठरवतो. घड्याळ लावून राउटर बंद-चालू करून बघायचा, इंटरनेट परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. समजा तीन मिनिटं लागली. मग दर ६० सेकंदांनी हाक, आणि ओळीनं चार-पाच हाका रिकाम्या गेल्या तरच अलर्ट. मॉनिटरचा धीर राउटरच्या उठण्याच्या वेळेपेक्षा जास्त हवा, नाहीतर लाईन आल्या-गेल्याचे अलर्ट कधीच थांबणार नाहीत. पतसंस्थेला पाच मिनिटांचा उशीर चालतो. दूध संकलनाच्या वेळी, सकाळी सहा ते आठ, मी तो तीन मिनिटांवर आणतो, लाईनचा एखादा फुकटचा अलर्ट आला तरी चालेल, कारण कॅन घेऊन माणसं दारात उभी असतात.

७. मजकूर

आता मूळ दुखण्याकडे. अलर्ट वाचणारा कोण, तो कुठे आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे ठरवल्याशिवाय मजकूर लिहू नका. आमच्याकडे रात्री तो चौकीदार असतो, नाहीतर संस्थेजवळ राहणारा शिपाई. त्याला आयपी नको, कोणता दिवा बघायचा ते हवं.

पूर्वी जायचं:

‘सर्वर-१ डाऊन. १००% पॅकेट लॉस.’

आता जातं:

‘आर्णी शाखा: हिशोबाचा सर्वर रात्री २.१० पासून बंद. राउटर चालू आहे, म्हणजे इंटरनेट आहे. आधी सर्वरचा हिरवा दिवा बघा. दिवा नसेल तर इन्व्हर्टर बघा. दिवा असेल तर हात लावू नका, दादांना फोन करा.’

यात पाच गोष्टी आहेत: कुठे, काय, केव्हापासून, काय शाबूत आहे, आणि आता काय करायचं. चौथी गोष्ट सगळे विसरतात. काय शाबूत आहे हे कळलं की वाचणारा घाबरत नाही आणि चुकीच्या वस्तूला हात लावत नाही. पोर्ट बंद पण पिंग चालू असेल तर निरोप वेगळा: ‘सर्वर चालू आहे, हिशोबाचं सॉफ्टवेअर बंद आहे. बटण दाबून बंद करू नका. सकाळी साडेनऊपर्यंत थांबलं तर चालेल.’ थांबलं तर चालेल, हे लिहिल्यापासून मला रात्री येणारे फोन निम्म्यावर आले.

साधनात मजकूर बदलायची सोय नसेल तरी अडत नाही. जवळपास प्रत्येक साधन मॉनिटरचं नाव निरोपात छापतं. मग नावातच निरोप लिहा. ‘सर्वर-१’ ऐवजी ‘आर्णी हिशोब सर्वर, आधी इन्व्हर्टर बघा’. फुकटातली युक्ती आहे आणि जुन्यात जुन्या साधनात चालते.

एसएमएसवर मराठी पाठवत असाल तर लांबी मोजा. देवनागरीच्या एका एसएमएसमध्ये ७० खुणा बसतात, रोमन लिपीत १६०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक खूण वेगळी धरली जाते. ‘सर्वर’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत पाच. वरचा लांब निरोप टेलिग्रामसाठी ठीक आहे. एसएमएसला फक्त ‘आर्णी: सर्वर बंद, राउटर चालू. हिरवा दिवा बघा.’

पूर्ववत झाल्याचा निरोपही हवा, आणि त्यात किती वेळ बंद होता तो आकडा. नाहीतर शिपाई दोन वाजता उठून सायकलवर जातो आणि सर्वर आपोआप चालू झालेला असतो. पुढच्या वेळी तो उठत नाही.

वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर मॉनिटर यूटीसीवर (जागतिक वेळेवर) चालतोय. टाइमझोन आशिया/कोलकाता करा. वेळ कालची दिसत असेल आणि मॉनिटर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर असेल, तर कारण निराळं: पाय ४ पर्यंतच्या बोर्डावर बंद असताना चालणारं घड्याळच नाही. लाईन येऊन इंटरनेट यायला वेळ लागला की तोवर तो जुनीच वेळ सांगतो. त्याला बॅटरीवर चालणारं घड्याळाचं छोटं आरटीसी मॉड्यूल लावा.

८. एका बिघाडाला एकच निरोप

राउटर बंद झाला की त्याच्या मागचं सगळंच गप्प होतं. सात अलर्टांत खरा एकच. नॅगिऑसमध्ये प्रत्येक होस्टला ‘पेरेंट’ सांगता येतो, झॅबिक्समध्ये ट्रिगर एकमेकांवर अवलंबून ठेवता येतात. राउटर पालक, बाकी सगळे त्याच्यामागे. ज्या साधनात अशी सोय नाही तिथे मी कॅमेऱ्यांचे आणि प्रिंटरचे अलर्ट सरळ बंद करतो. प्रिंटर बंद पडल्याचं रात्री दोनला कळून कोणाचं भलं झालंय?

९. राखणदारच झोपला तर

मॉनिटर त्याच इमारतीत, त्याच इन्व्हर्टरवर असेल तर बॅटरी संपल्यावर दोघं सोबतच बंद पडतात. निरोप पाठवायला कोणी उरतच नाही. ‘खरंच बंद पडला तेव्हा अलर्ट आला नाही’ याचं कारण फार वेळा हेच निघतं.

म्हणून मॉनिटर बाहेर हवा. पण बाहेरून आत पिंग करायला जाल तर अडकाल. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुमचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि बाहेरची हाक तुमच्या दारापर्यंत येणारच नाही. मग दिशा उलटी करा. अपटाइम कुमामध्ये ‘पुश’ प्रकारचा मॉनिटर असतो. तो एक लिंक देतो आणि आतल्या सर्वरनं दर मिनिटाला ती लिंक उघडायची. ठरलेल्या वेळात हजेरी लागली नाही की बाहेरचा मॉनिटर ओरडतो. कुमा भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्वरवर ठेवा, नाहीतर दुसऱ्या गावातल्या शाखेत, दुसऱ्या फीडरवर. या पायरीला थोडे पैसे लागतात, म्हणून ती शेवटी.

इथे थांबा

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा असेल तर राउटरशी खेळू नका. प्रकाश पोचत नाही, बहुधा रस्त्याच्या कामात तार तुटली आहे. इंटरनेटवाल्याला तक्रार नोंदवा. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

सर्वरच्या किंवा रॅकच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर हात काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बहुधा अर्थिंग गेलं आहे. विजांच्या पावसानंतर स्विचचे पोर्ट ओळीनं गप्प झाले असतील तर तेही आधी त्यालाच दाखवा, नवा स्विच लगेच लावू नका, तोही जळेल.

डिस्कमधून टकटक आवाज, रेडच्या (अनेक डिस्क एकत्र ठेवणाऱ्या) पेटीवर पिवळा किंवा लाल दिवा, किंवा सर्वर एका दिवसात तीनदा आपोआप रीस्टार्ट: पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक वेळी चालू करताना डेटा वाचण्याची शक्यता कमी होत जाते. फायलींची नावं विचित्र दिसू लागली आणि उघडेनात, तर नेटवर्कची केबल काढा, सर्वर तसाच राहू द्या आणि जाणकाराला बोलवा.

आणि बाहेरून पिंग लागत नाही म्हणून कुणी सांगितलं, ‘राउटरमध्ये सर्वर डीएमझेडला टाका’ किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा, तर ते करू नका, त्यानं सर्वरचं दार साऱ्या इंटरनेटला उघडं पडतं. त्या माणसालाही नमस्कार करा.

तंत्रज्ञाला फोन करताना पायरी ३ मधल्या चार पिंगांची उत्तरं आणि शेवटच्या अलर्टचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. मला तेवढं मिळालं तर यवतमाळहून निघतानाच कोणता सुटा भाग पिशवीत टाकायचा ते कळतं, आणि दुसरी खेप पडत नाही.